जपानच्या दारीं फ्रान्सिस झेवियर

सेंट फ्रान्सिस झेवियर यांचें नांव आमच्या बहुतेक वाचकांस गोव्यामुळें ठाऊक असेल. जुन्या गोव्यांतील बॉम जेझूस देवालयांत त्यांचा देह चांदीच्या पेटींत ठेविलेला आहे, आणि सुमारें दहा वर्षांनीं एकदां ती पेटी लोकांच्या दर्शनासाठीं खालीं आणितात. असें दर्शन २०२४ च्या नोव्हेंबरापासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झालें. गोव्याचे ख्रिस्ती लोक त्यांस गोंयचो सायब म्हणतात, व त्या दर्शनास हिंदु लोकहि जातात. परंतु या पुरुषाच्या आयुष्यांतील सव्वादोन वर्षें जपानांत गेलीं, आणि वयाचीं त्रेचाळीस वर्षें पुरीं झाल्यावर तेथें त्यांस पुन्हां विद्यार्थी व्हावें लागलें, ही गोष्ट आमच्याकडे फारशी कोणी सांगत नाहीं. ती आज आम्ही सांगणार आहों.

झेवियर यांचा जन्म ता. ७ एप्रिल १५०६ रोजीं स्पेनच्या उत्तरेस नवारा नांवाच्या छोट्या राज्यांत, झेवियरच्या गढींत झाला. घराणें मोठें, पण दिवस वाईट. १५१२ सालीं नवारा राज्य शेजाऱ्यांनीं जिंकून घेतलें, १५१५ त वडील वारले, आणि पुढच्याच वर्षीं विजेत्यांनीं गढीचे तट पाडून टाकिले. धाकट्या फ्रान्सिसनें तलवार न घेतां पुस्तक घेतलें. १५२५ सालीं तो पॅरिसच्या विद्यापीठांत गेला. तेथें एकाच खोलींत राहणाऱ्या इग्नेशियस लोयोला यांनीं त्याचें मन हळूहळू फिरविलें. १५३४ सालीं या मित्रांनीं दारिद्र्याचें व्रत घेतलें, व १५४० सालीं त्यांच्या मंडळास पोपची मान्यता मिळाली. हेंच जेझुइट मंडळ होय. पोर्तुगालच्या राजास हिंदुस्थानांत पाठविण्यासाठीं माणसें हवीं होतीं. झेवियर ता. ७ एप्रिल १५४१ रोजीं, म्हणजे आपल्या वाढदिवशींच, लिस्बनहून जहाजांत बसले आणि तेरा महिन्यांनीं, ता. ६ मे १५४२ रोजीं, गोव्यास उतरले.

गोव्यांतील त्यांचें वागणें पाहून लोक चकित झाले. ते राजप्रतिनिधीच्या वाड्यांत न राहतां इस्पितळांत रोग्यांजवळ राहत. हातांत घंटा घेऊन रस्त्यारस्त्यानें फिरत, व घंटेच्या नादानें मुलें त्यांच्यामागें धांवत. पायांत कांहीं नाहीं, अंगांत जुना सुती झगा. आमच्या देशांत फाटकी कफनी ही साधूची ओळख असल्यामुळें या वेषानें त्यांचें कोठें अडलें नाहीं. उलट पाणबुड्या कोळ्यांच्या तमिळ किनाऱ्यावर ते जेथें जात तेथें लोक जमत.

येथें एक गोष्ट लपवून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. हिंदुस्थानांत झेवियर यांच्या पाठीशीं पोर्तुगालचीं गलबतें व तोफा होत्या. येथील लोक काय मानतात, कशास पूज्य समजतात, हें शिकून घेण्याची निकड त्यांस वाटली नाहीं. तमिळ किनाऱ्यावर नव्या ख्रिस्ती झालेल्यांकडून त्यांनीं मूर्ति फोडविल्या, व त्याचा आनंद स्वतःच्या पत्रांत लिहून ठेविला. १५४६ सालीं त्यांनीं राजाकडे पत्रानें इन्क्विझिशन नांवाचें धर्मन्यायासन मागितलें. तें न्यायासन त्यांच्या मृत्यूनंतर १५६० सालीं गोव्यांत आलें, आणि त्याची आठवण गोमंतकांतून अद्याप पुसली गेली नाहीं. साधुपुरुषाचें चरित्र लिहितांना एवढेंच पान फाडून टाकावें, हें आमच्यानें होत नाहीं. शिवाय हें पान वाचल्यावांचून जपानांतील पानाचें महत्त्वहि कळणार नाहीं.

१५४७ च्या डिसेंबरांत मलाक्का बंदरांत त्यांची गांठ अंजिरो नांवाच्या एका जपानी गृहस्थाशीं पडली. अंजिरो हा जपानच्या दक्षिणेकडील कागोशिमा गांवचा. त्याच्या हातून एक खून झाला होता, म्हणून तो पोर्तुगीज जहाजावरून पळाला होता. मनाची टोंचणी मात्र त्याच्याबरोबरच आली होती. झेवियर यांनीं त्यास गोव्यांतील सेंट पॉलच्या विद्यालयांत ठेविलें. त्या विद्यालयाची एक कमान जुन्या गोव्यांत आजहि उभी आहे. अंजिरो बुद्धीनें तल्लख होता. पोर्तुगीज वाचणें-लिहिणें तो थोडक्याच महिन्यांत शिकला, आणि १५४८ सालीं त्याचा बाप्तिस्मा झाला.

या शिष्यानेंच गुरूस पहिला धडा दिला. जपानी लोक वरून खालीं लिहितात हें पाहून झेवियर यांनीं त्यास विचारिलें, कीं तुम्ही आमच्यासारखें आडवें कां लिहीत नाहीं? अंजिरोनें उलट विचारिलें, कीं तुम्हीच आमच्यासारखें उभें कां लिहीत नाहीं? माणसाचें डोकें वर असतें व पाय खालीं असतात. मग लिहिणेंहि तसेंच असावें हें योग्य नव्हे काय? झेवियर यांनीं हें उत्तर आपल्या पत्रांत कौतुकानें नमूद केलें आहे. दुसरी गोष्ट त्यानें सांगितली ती अधिक मोलाची होती. माझ्या देशचे लोक तुमचें ऐकतांच तुमचे होणार नाहींत, असें तो म्हणाला. ते आधीं पुष्कळ प्रश्न विचारतील, आणि मग तुम्ही जसें बोलतां तसें वागतां कीं नाहीं, हें पाहत राहतील.

१५४९ च्या एप्रिलांत झेवियर गोव्याहून निघाले. मलाक्क्याहून पुढें चिनी गलबत मिळालें, आणि ता. १५ ऑगस्ट १५४९ रोजीं ते कागोशिमास पोहोंचले. बरोबर फादर कोस्मे दे तोरेस, ब्रदर हुआन फर्नांदेझ, अंजिरो, दुसरे दोन जपानी, एक चिनी आणि आपल्या मलबारकडचा एक सेवक होता. पोर्तुगालची एकहि तोफ मात्र बरोबर नव्हती. येथें कोणी त्यांस भिणार नव्हतें. लोकांच्या दारांत त्यांच्या रीतीनें उभें राहिल्याखेरीज दार उघडणार नव्हतें.

आणि रीत तरी किती नाजूक! यूरोपांत आदर दाखवावयाचा तर डोक्यावरची टोपी काढावी. जपानांत पायांतील पादत्राणें काढावीं. घरांत चटईवर गुडघे दुमडून बसावें, अंग वांकवून नमस्कार करावा, मोठ्यांच्या भेटीस रिकाम्या हातीं जाऊं नये, आवाज चढवूं नये, राग आला तरी तोंडावर दिसूं देऊं नये. आमच्या लाखनीच्या मुलांस यांतील निम्म्या गोष्टी शिकवाव्या लागणार नाहींत. वहाणा दाराबाहेर काढणें व पाटावर मांडी घालून जेवणें हें आमच्या घरोघरचें आहे, आणि धान पिकविणाऱ्या आमच्या भंडारा जिल्ह्यांतील माणसास जपानी ताटांतील भात पाहून परकें वाटण्याचें कारण नाहीं. यूरोपियनांस मात्र तें सर्व नवें होतें. झेवियर यांनीं लिहिलें आहे कीं हे लोक द्रव्यापेक्षां अब्रूस अधिक जपतात. दरिद्री क्षत्रियास श्रीमंत व्यापाऱ्याहून मान मिळतो. ते पाळलेलीं जनावरें मारून खात नाहींत, मासे कधींमधीं खातात, बाकी भात व भाजीपाला. आणि इतक्या थोड्या अन्नावर निरोगी राहून म्हातारे होतात. झेवियर व त्यांचे सोबतीहि तसेंच जेवूं लागले.

भाषा कांहीं केल्या येईना. फर्नांदेझ तरुण असल्यामुळें लवकर शिकला. झेवियर यांस लिहिलेलें वाचून दाखविण्यावरच भागवावें लागे. लोक आपल्याविषयीं बोलत आहेत, हंसत आहेत, आणि आपण मध्यें पुतळ्यासारखे बसलों आहों, असा अनुभव त्यांनीं लिहून ठेविला आहे. पॅरिसमध्यें तत्त्वज्ञान शिकविलेल्या माणसास हें सोसणें सोपें गेलें नसेल. तरी त्यांनीं झेन पंथाच्या मठांतील वृद्ध महंत निन्शित्सु यांच्याशीं स्नेह जोडला. एकदां मठांत भिक्षु ध्यानस्थ बसले होते. हे काय करीत आहेत, असें झेवियर यांनीं विचारितां महंत हंसून म्हणाले, कीं कोणी या महिन्यांत भक्तांनीं किती दिलें तें मोजीत असेल, कोणी बऱ्या कपड्यांचा व जेवणाचा विचार करीत असेल. कामाचा विचार कोणीच करीत नसेल. स्वतःच्या मठाविषयीं परक्यासमोर असें मोकळें बोलणाऱ्या महंतांविषयीं आम्हांस फार आदर वाटतो.

झेवियर यांची मोठी चूक शब्दांत झाली. अंजिरो शास्त्र शिकलेला नव्हता. त्यानें परमेश्वर या अर्थीं दाइनिचि हा शब्द सुचविला. झेवियर रस्त्यांत उभे राहून दाइनिचीची भक्ति करा म्हणून सांगूं लागले. शिंगोन पंथाचे भिक्षु प्रसन्न झाले, कारण दाइनिचि हें त्यांच्याच बुद्धाचें नांव! कांहीं काळानें प्रश्न विचारतां विचारतां झेवियर यांस उलगडा झाला. त्यांनीं ताबडतोब फर्नांदेझास रस्त्यांत पाठवून तो शब्द मागें घेतला, आणि पुढें देऊस हाच लॅटिन शब्द वापरला. जाहीर सांगितलेली गोष्ट जाहीरपणें परत घेण्यास धैर्य लागतें.

कागोशिमाच्या संस्थानिकानें आरंभीं दिलेली परवानगी वर्षाच्या आंत काढून घेतली. झेवियर हिरादो बंदरास गेले व तेथून यामागुचि शहरास. तेथील संस्थानिक ओउचि योशिताका यांची भेट झाली, पण फर्नांदेझानें दरबारांत तेथील दुराचारांवर कडक शब्दांत लिहिलेला कागद वाचून दाखविला, व संस्थानिकाची मर्जी गेली. मग झेवियर यांनीं थेट सम्राटाकडेच जाण्याचें ठरविलें. १५५० चा डिसेंबर, रस्त्यांत बर्फ, खांद्यावर गांठोडें. सुजलेल्या पायांनीं ते कित्येक आठवडे चालत होते. कधीं एखाद्या सरदाराच्या घोड्यामागून नोकरासारखे धांवत. वाटेंत पोरें दगड मारीत. १५५१ च्या जानेवारींत क्योटो आलें, तों शहर यादवी युद्धानें उजाड झालेलें. सम्राटाच्या वाड्याशीं विचारणा झाली, कीं नजराणा कोठें आहे? नजराणा हिरादोस राहिला होता, आणि असल्या वेषाच्या भिक्षेकऱ्यास आंत घेणार कोण? अकरा दिवसांनीं ते परत फिरले.

या परतीच्या वाटेवर झेवियर यांनीं जो निर्णय घेतला तो त्यांच्या आयुष्यांतील अत्यंत कठीण निर्णयांपैकीं होता, असें आम्हांस वाटतें. फाटका झगा हें त्यांचें व्रत होतें. सतरा वर्षांपूर्वीं पॅरिसमध्यें घेतलेलें, बर्फांतहि न सोडलेलें. पण ज्या देशांत दूतानें दूतास शोभेसें यावें अशी रीत आहे, तेथें आपण चिंध्या नेसून गेलों तर समोरचा मनुष्य त्यांत वैराग्य पाहत नाहीं, आपला अपमान पाहतो. मग ते व्रत कोणासाठीं? हिरादोस येऊन त्यांनीं नजराणा उचलला, रेशमी वस्त्र अंगांत घातलें, आणि १५५१ च्या एप्रिलांत गोव्याच्या राजप्रतिनिधीचे वकील म्हणून पुन्हां यामागुचीच्या दरबारांत गेले. बरोबर गोव्याच्या गव्हर्नराचीं व बिशपाचीं पत्रें होतीं. तासांचे ठोके देणारें घड्याळ, एक तंतुवाद्य, चष्मे, आरसे, बंदूक व किनखाबी वस्त्र होतें. योशिताका आनंदित झाले. त्यांनीं उलट सोनें-रुपें देऊं केलें. झेवियर यांनीं तें नम्रपणें नाकारून केवळ धर्म सांगण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली, आणि राहण्यास एक रिकामा मठहि मिळाला. रेशमी वस्त्र अंगावर असूनहि व्रत मोडलें नव्हतें, हें त्या दरबारानें त्याच क्षणीं ओळखिलें असावें.

त्यानंतर मठांत सकाळपासून रात्रीपर्यंत प्रश्नांची रांग लागली. अंजिरोचें भाकीत अक्षरशः खरें ठरलें. याच शहरांतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. फर्नांदेझ रस्त्यांत बोलत असतां एक मनुष्य जवळ आला व त्याच्या तोंडावर थुंकला. फर्नांदेझानें रुमालानें तोंड पुसलें आणि कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें वाक्य पुढें चालविलें. गर्दींत विरोधासाठीं आलेला एक गृहस्थ होता. तो हें पाहून थक्क झाला व पुढें त्यांचा अनुयायी झाला. वाद करून जें झालें नसतें तें रुमालानें झालें! थोड्याच महिन्यांत सुमारें पांचशें लोकांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांत गांवोगांव वाद्य वाजवून कथा सांगणारा एक अधू दृष्टीचा गायक होता. लोरेन्सो या नांवानें तो पुढें जपानांतील पहिला जपानी जेझुइट ब्रदर झाला.

१५५१ च्या सप्टेंबरांत झेवियर बुंगो संस्थानांत गेले असतां यामागुचींत बंड झालें व योशिताका प्राणास मुकले. नोव्हेंबरांत झेवियर यांनीं जपान सोडलें. जपानी पंडित प्रत्येक वादांत चीनचें प्रमाण देत. तेव्हां आधीं चीनला जावें असें त्यांनीं मनांत घेतलें होतें. गोव्यास ते केवळ दोनएक महिने राहिले. ता. ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्यासमोरील सांग्चुआन बेटावर, पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहत, तापानें त्यांचा अंत झाला. जवळ अंतोनियो नांवाचा एक चिनी तरुण होता. १५५४ च्या मार्चांत त्यांचा देह गोव्यास आला.

त्यांनीं ठेचा खाऊन जें शिकलें तें पुढें पुस्तकांत आलें. १५७४ सालीं गोव्यास आलेले आलेस्सांद्रो वालिन्यानो पांच वर्षांनीं जपानास गेले, आणि १५८१ सालीं त्यांनीं तेथील पाद्र्यांसाठीं जपानी रीतिरिवाजांची एक नियमावलीच लिहिली. कोणास किती वांकून नमस्कार करावा, पाहुण्यास कोठपर्यंत पोहोंचवावें, भेट काय द्यावी, घर किती स्वच्छ असावें, हें सर्व तींत आहे. प्रत्येक मिशनघरांत चहाची स्वतंत्र खोली असावी, असाहि त्यांचा नियम होता.

जपानहून परततांना झेवियर यांनीं दोन जपानी तरुण बरोबर आणिले होते. एक गोव्यांतच वारला. दुसरा कागोशिमाचा बर्नार्दो. क्योटोच्या बर्फांतील वाटेवर तोहि बरोबर होता. तो लिस्बन व रोम पाहून १५५७ सालीं पोर्तुगालांत कोइंब्रा येथें वारला. यूरोपांत गेलेला पहिला जपानी तोच. कागोशिमा शहरांत झेवियर यांच्या नांवाची एक बाग आहे. त्यांच्या आगमनास ४५० वर्षें झालीं तेव्हां, १९९९ सालीं, तेथें पुतळे उभारण्यांत आले. पुतळे तीन आहेत: झेवियर, अंजिरो आणि बर्नार्दो.