चीनचा इतिहासकार सुमा छ्येन

थोर पुरुषांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों; परंतु तीं आपणांसाठीं लिहून ठेवणारा इतिहासकार बहुधा पडद्याआडच राहतो. अशाच एका इतिहासकाराचें हें अल्पचरित्र आहे.

ग्रीस देशांत हिरोडोटस ह्यास जो मान आहे, तोच चीन देशांत सुमा छ्येन ह्यास आहे. त्याचा जन्म इ. स. पूर्वी १४५ च्या सुमारास झाला. त्याचा पिता सुमा थान हा हान घराण्याच्या दरबारीं राजज्योतिषी असून पंचांग व राजदप्तर त्याच्याकडे असे. विसाव्या वर्षीं सुमा छ्येन देशाटनास निघाला. त्यानें जुनीं स्थळें स्वतः पाहिलीं व वृद्धांच्या तोंडून मागील गोष्टी ऐकल्या. इ. स. पूर्वी ११० मध्यें पित्याचा अंत झाला. आपण योजिलेला इतिहास पुत्रानें पुरा करावा, ही त्याची अखेरची आज्ञा होती. पुढें पित्याचें पदहि पुत्रास मिळालें.

इ. स. पूर्वी ९९ मध्यें ली लिंग नांवाचा सेनापति अवघ्या ५,००० पायदळानिशीं शिओंगनू लोकांशीं लढून अखेर शत्रूस शरण गेला. सम्राट वू कोपला, तेव्हां दरबारी मंडळी ली लिंगची निंदा करूं लागली. एकट्या सुमा छ्येननें त्याची बाजू मांडली. ह्या अपराधाबद्दल त्यास देहांताची शिक्षा झाली. मोठा दंड भरून सुटका होत असे, पण तेवढें द्रव्य त्याच्यापाशीं नव्हतें. उरला तो अंगच्छेदाचा, मरणाहून लाजिरवाणा मार्ग. अशा प्रसंगीं मानी मनुष्य आपल्या हातानें प्राण देई. परंतु ग्रंथ अपुरा होता. म्हणून त्यानें जन्माचा अपमान पत्करला आणि पित्याची आज्ञा पाळली.

त्याचा ‘शी-ची’ हा ग्रंथ १३० अध्यायांचा असून त्यांत ५ लक्षांहून अधिक अक्षरें आहेत. त्यांपैकीं ७० अध्याय व्यक्तींविषयीं आहेत. त्यांत सेनापति व मंत्री ह्यांच्या जोडीस व्यापारी आणि विदूषकहि आले आहेत. ज्या सम्राटानें त्यास शिक्षा केली, त्याच्या कारकीर्दींतील उधळपट्टीहि त्यानें झांकून ठेविली नाहीं. ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतर त्याचा नातू यांग युन ह्यानें हा ग्रंथ लोकांपुढें आणिला. पुढील राजघराण्यांचे इतिहास ह्याच धर्तीवर लिहिले गेले. १७३९ मध्यें पुरा झालेला मिंग घराण्याचा इतिहासहि त्यांतलाच.

सुमा छ्येननें आपल्यापूर्वीं हजार वर्षें होऊन गेलेल्या शांग राजांची नामावळी दिली आहे. ती काल्पनिक असावी, अशी पुष्कळांस शंका होती. १८९९ नंतर आन्यांग येथील कोरीव हाडांचा अभ्यास झाला, तेव्हां तीं नांवें बहुतांशीं खरीं ठरलीं.

विद्यार्थिमित्रहो, सनावळी पाठ करतांना कंटाळा येतो खरा. परंतु त्या ओळी आपल्यापर्यंत पोंचाव्यात म्हणून कोणी केवढें मोल दिलें, ह्याचें स्मरण ठेवावें.