डॉ. कार्ल लँडस्टायनर : रक्ताचे गट शोधणारा डॉक्टर

दर वर्षी १४ जून हा दिवस जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. २००४ साली तो पहिल्यांदा पाळला गेला. त्या सुमारास आपल्या शहरातही ठिकठिकाणी रक्तदान शिबिरांचे फलक लागतात. हीच तारीख का निवडली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १४ जून हा डॉ. कार्ल लँडस्टायनर यांचा जन्मदिवस आहे. आपल्या वाहन परवान्यावर किंवा मुलांच्या शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगट म्हणून जे एक-दोन अक्षरे छापलेली असतात, ती या डॉक्टरांची देणगी आहे. म्हणून या वेळी त्यांचे चरित्र आपल्यासमोर ठेवावे, असे आम्हाला वाटले.

लँडस्टायनर यांचा जन्म १८६८ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराजवळच्या बाडेन येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील लिओपोल्ड हे नावाजलेले पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले आणि आई फॅनी हिने त्यांना वाढवले. आईवर त्यांचा विलक्षण जीव होता. तिच्या निधनानंतर तिच्या चेहऱ्याचा घेतलेला साचा त्यांनी जन्मभर आपल्या खोलीच्या भिंतीवर ठेवला. १८९० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा घेतला. पुढच्याच वर्षी ते डॉक्टर झाले.

डॉक्टर झाल्यावर दवाखाना थाटून पैसा मिळवावा, हे त्यांच्या मनात नव्हते. काही वर्षे त्यांनी जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये रसायनशास्त्राचा अभ्यास केला. व्हिएन्नाला परतल्यावर त्यांनी शवविच्छेदनाचे काम पत्करले आणि दहा वर्षांत ३,६०० हून अधिक शवविच्छेदने केली. दिवसभर मृतांजवळ राहणाऱ्या या अबोल माणसाच्या हातून पुढे कोट्यवधी जिवंत माणसांचे प्राण वाचायचे होते.

एकाचे रक्त दुसऱ्याला देण्याची कल्पना त्या वेळी नवी नव्हती. १६६७ साली पॅरिसमध्ये एका डॉक्टरने कोकराचे रक्त माणसाच्या शरीरात घातले होते. १८१८ साली लंडनचे डॉ. जेम्स ब्लंडेल यांनी माणसाचे रक्त माणसाला देण्याचा प्रयत्न केला. बाळंतपणात रक्तस्राव होऊन दगावणाऱ्या स्त्रिया पाहून त्यांचे मन हेलावले होते. काही रुग्ण वाचले, काही मात्र रक्त मिळताच तळमळून मेले. असे का होते, हे कोणालाच कळत नव्हते. रंग सारखाच लाल, मग एकाचे रक्त तारते आणि दुसऱ्याचे मारते, हा काय प्रकार? शेवटी बहुतेक डॉक्टरांनी हा नादच सोडून दिला.

लँडस्टायनर यांनी या कोड्याला हात घातला तो अगदी साध्या साधनांनी. रक्त काचेच्या नळीत ठेवले की ते साकळते आणि वर पिवळसर पाणी सुटते. हे पाणी एका माणसाचे घ्यायचे आणि त्यात दुसऱ्या माणसाच्या लाल पेशी मिसळायच्या. त्यांनी प्रत्येकाचे पाणी प्रत्येकाच्या पेशींशी असे मिसळून पाहिले. काही नळ्यांत काहीच झाले नाही. काहींत मात्र दूध फाटावे तशा पेशींच्या गुठळ्या झाल्या. त्यांनी याचा तक्ता मांडला, तेव्हा त्यात एक नियम दिसून आला. सगळ्यांचे रक्त तीन गटांत बसत होते. त्यांना त्यांनी ए, बी आणि सी अशी नावे दिली. सी म्हणजेच आजचा ओ. एबी हा चौथा गट पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. हा शोध १९०१ साली व्हिएन्नाच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला.

त्या लेखातील तक्त्यांजवळ आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. तपासायला रक्त आणले कोठून? पहिल्या तक्त्यात सहा पुरुषांचे रक्त आहे. ते प्रयोगशाळेतलेच लोक होते आणि त्यांतले एक नाव स्वतः लँडस्टायनर यांचे आहे. त्यानंतरच्या तक्त्यात सहा बाळंतिणी आहेत. त्यांची आडनावेसुद्धा पूर्ण दिलेली नाहीत, फक्त सुरुवातीची काही अक्षरे छापली आहेत. त्या कोण होत्या, पुढे त्यांचे काय झाले, त्यांच्या बाळांना तरी हे कधी कळले का, काहीच माहीत नाही. नोबेल पारितोषिक लँडस्टायनर यांना मिळाले आणि ते योग्यच झाले. पण जगातल्या प्रत्येक रक्तपेढीचे काम ज्या नियमावर चालते, तो या मूठभर लोकांच्या थोड्याशा रक्तातून सापडला. हे लोक कोणाला रक्त देऊन वाचवणार नव्हते, त्यांनी केवळ दंड पुढे केला होता. आम्ही तर त्यांनाही रक्तदातेच म्हणू.

एवढा मोठा शोध लागूनही काही वर्षे कोणी त्याची फारशी दखल घेतली नाही. १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. रूबेन ऑटनबर्ग यांनी रक्त देण्यापूर्वी दाता आणि रुग्ण यांचे रक्त जुळवून पाहिले. आज प्रत्येक रक्तपेढीत होते तीच ही तपासणी. तेव्हा रक्त साठवता येत नव्हते, ते लगेच गोठायचे. म्हणून दात्याला रुग्णाशेजारी झोपवून त्याची रक्तवाहिनी रुग्णाच्या रक्तवाहिनीला जोडली जाई. १९१४ च्या सुमारास सोडियम सायट्रेट मिसळले तर रक्त गोठत नाही, असे समजले आणि रक्त बाटलीत भरता येऊ लागले. १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात रक्त साठवण्याची सोय झाली आणि तिला रक्तपेढी हे नाव मिळाले.

या प्रगतीने असंख्य जीव वाचले. पण एक गोष्ट त्यात हळूच हरवली, असे आम्हाला वाटते. शेजारच्या खाटेवर झोपलेला दाता रुग्णाला दिसत होता. डोळे उघडल्यावर तो त्याचा हात हाती घेऊ शकत होता. बाटली आली आणि दाता दिसेनासा झाला. आज घाटी रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून आलेल्या रुग्णाला रक्ताची पिशवी लावतात, तेव्हा तिच्यावर रक्तगट असतो, क्रमांक असतो, मुदतीची तारीख असते. दात्याचे नाव नसते आणि तसे ते नसणे बरोबरही आहे. पण त्यामुळे आभार मानायचे तरी कोणाचे, हा प्रश्न उरतो. डॉक्टरांचे मानतो, नर्सबाईंचे मानतो, देवाचे मानतो. ज्याच्या अंगातून ते रक्त आले, तो तोवर आपल्या कामाला लागलेला असतो.

आता पुन्हा लँडस्टायनर यांच्याकडे वळू. १९०८ ते १९०९ या काळात त्यांनी एर्विन पॉपर या सहकाऱ्यासह पोलिओ हा रोग विषाणूमुळे होतो, हे दाखवून दिले. एवढे एकच काम केले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. १९१६ साली त्यांनी हेलेन व्लास्टो यांच्याशी विवाह केला आणि त्यांना अर्न्स्ट हा मुलगा झाला. पहिले महायुद्ध संपले तेव्हा व्हिएन्नाची अवस्था दारुण होती. खायला नाही, जाळायला लाकूड नाही, मग संशोधन कसले. १९१९ साली ते कुटुंबासह हॉलंडमधील हेग शहरात गेले आणि तेथील एका लहान कॅथलिक रुग्णालयात नोकरीला लागले. वयाची पन्नाशी उलटलेला, रक्तगटांचा शोध लावलेला हा शास्त्रज्ञ तेथे रुग्णांच्या लघवी-रक्ताच्या रोजच्या तपासण्या करत असे. त्यातून वेळ काढून त्याने लेख लिहिणे चालूच ठेवले. १९२३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावून घेतले आणि अखेरपर्यंत ते तेथेच राहिले.

१९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मानसन्मान, सभा-समारंभ यांपासून ते दूरच राहत. त्यांच्या आयुष्यात आम्हाला न पटणारी एक गोष्टही आहे. १९३७ साली अमेरिकेतील नामवंत ज्यूंच्या एका परिचयग्रंथात त्यांचे नाव छापले गेले, तेव्हा ते काढून टाकावे म्हणून ते न्यायालयात गेले आणि हरले. आपले पूर्वज ज्यू होते, हे त्यांनी मुलालाही सांगितले नव्हते. बाप्तिस्मा घेतला म्हणून आपले आजी-आजोबा लपवावे लागत नाहीत. पण त्या वेळी जर्मनीत हिटलरची सत्ता होती आणि ज्यूंचा द्वेष व्हिएन्नात त्यांनी लहानपणापासून पाहिला होता, हेही ध्यानात घ्यावे लागते. रक्तारक्तातला खरा फरक काय तो ज्याने जगाला दाखवला, त्यालाच रक्तावरून माणसे मोजणाऱ्यांची भीती वाटावी, याचे वाईट वाटते.

१९३९ साली निवृत्त झाल्यावरही ते प्रयोगशाळेत येतच राहिले. १९४० साली त्यांनी आणि डॉ. अलेक्झांडर वीनर यांनी रक्तातला आणखी एक घटक शोधला. ऱ्हीसस जातीच्या माकडावरून त्याला आरएच असे नाव पडले. रक्तगटापुढे आपण पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहितो ते यावरूनच. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिकार तयार होऊ शकतो आणि पुढच्या खेपेचे बाळ दगावू शकते. एकामागून एक मुले जाणाऱ्या कितीतरी बायकांना लोकांनी पांढऱ्या पायाची, अवदसा म्हणून हिणवले असेल. दोष त्यांचा नव्हता, हे या शोधाने सिद्ध झाले. १९६८ पासून यावर अँटी-डी हे इंजेक्शन मिळू लागले आणि तेही दात्यांच्या रक्तद्रवापासूनच बनते.

ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन हे असेच एक दाते. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत त्यांना परक्यांचे भरपूर रक्त द्यावे लागले होते. आपणही ते फेडायचे, असे त्यांनी ठरवले. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर १९५४ साली त्यांनी सुरुवात केली आणि २०१८ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी ते थांबले. तोपर्यंत त्यांनी १,१७३ वेळा दान केले होते. त्यांच्या रक्तद्रवापासून बनलेल्या इंजेक्शनांचा लाभ सुमारे २४ लाख बाळांना झाला, असे तेथील रक्तसंस्था सांगते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वारले. ज्यांनी चौदा वर्षांच्या जेम्सला रक्त दिले होते, त्यांची नावे त्यांनाही कधी कळली नाहीत. गंमत म्हणजे सुईकडे पाहायला हॅरिसन शेवटपर्यंत घाबरत असत. आपल्यापैकी सुईला भिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

२४ जून १९४३ रोजी लँडस्टायनर प्रयोगशाळेत काम करत असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. हातात काचेची पिपेट तशीच होती. दोन दिवसांनी, २६ जूनला, त्यांचे निधन झाले. ते ७५ वर्षांचे होते. त्याच वर्षअखेरीस त्यांच्या पत्नीही गेल्या.

त्यांचीच रीत वापरून १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट शोधला. तीन माणसांचे रक्त ए, बी, ओ यांपैकी कशाशीच जुळेना. जगाने त्याला बॉम्बे रक्तगट असे नाव दिले. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एखाद्याचा हा गट असतो आणि त्याला फक्त त्याच गटाच्या माणसाचे रक्त चालते. अशा रुग्णासाठी दाता शोधत फोन फिरतात, कधी दाता दुसऱ्या शहरातून प्रवास करून येतो. तेथे मात्र रुग्णाच्या घरच्यांना बहुधा दात्याचा चेहरा पाहायला मिळतो.

आपल्या देशात रक्ताला फार काळ दाता नव्हे, विक्रेताच होता. गरजू, व्यसनी माणसे पुन्हा पुन्हा रक्त विकत आणि त्याबरोबर रोगही जात. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने याविरुद्ध निर्णय दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री करणारे दाते बंद झाले. तेव्हापासून रक्तपेढीत येणारा प्रत्येक थेंब फुकट दिलेला आहे. रक्तपेढी पैसे घेते ते तपासणीचे आणि साठवणीचे. पिशवीला मोल दिले म्हणजे देणे फिटले, असा ज्यांचा समज आहे त्यांच्यासाठी हे लिहिले.

लाल पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद असतात, शिबिरे कमी होतात आणि रक्ताचा तुटवडा पडतो. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र सुट्टीतही दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतेच. १८ ते ६५ वयाच्या, ४५ किलोहून अधिक वजनाच्या निरोगी माणसाला रक्त देता येते. पुरुषांनी दोन दानांत तीन महिन्यांचे आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवायचे असते.

आपल्या धर्मग्रामातही अशी कुटुंबे असतील, ज्यांच्या घरी बाळंतपणात, अपघातात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी परक्याचे रक्त लागले. आजारातून उठल्यावर आपण उपकारस्तुतीची मिस्सा सांगतो. त्या मिस्साच्या हेतूत त्या दात्याचाही समावेश करता येईल. नावाच्या जागी अनोळखी रक्तदाता एवढे लिहून दिले तरी फादरांना पुरेसे आहे.