डोकेदुखीवर गोळी दिली आणि मुलं गणितं सोडवायला लागली, त्या डॉ. ब्रॅडलींची गोष्ट

एमडी पकडल्याच्या बातम्या नवी मुंबईकरांना आता नव्या नाहीत. एमडी म्हणजे मेफेड्रोन, मेंदूला चेतवणारं उत्तेजक. आता त्याच शहरात वाशी-नेरुळमधलं एखादं घर डोळ्यासमोर आणा. चौथीतल्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे तो एका जागी बसत नाही, लक्ष टिकत नाही. डॉक्टर मेथिलफेनिडेट लिहून देतात. आईवडील मोबाइलवर शोधतात, तर हेही उत्तेजकच, आणि एनडीपीएस कायद्याच्या यादीत हेही आहे. पोरगं पुढे नशेला लागलं तर? गोळ्या कपाटातच राहतात.

भीती अगदीच खुळी नाही. पण ही औषधं मुलांना का द्यायला लागले, ते बघायला ९० वर्षं मागे जावं लागतं.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात जॉर्ज ब्रॅडली नावाचे श्रीमंत गृहस्थ होते. त्यांची एकुलती एक मुलगी एमा लहानपणी मेंदूज्वराने कायमची अधू झाली. पैसा होता, पण अशा मुलांसाठी दवाखानाच नव्हता. मग त्यांनी मृत्युपत्रात आपली संपत्ती त्यासाठीच ठेवली. १९३१ मध्ये एमाच्या नावाने मुलांचं मनोरुग्णालय सुरू झालं आणि दोनच वर्षांत घराण्यातलेच चार्ल्स ब्रॅडली तिथे मुख्य डॉक्टर झाले. ते जॉर्ज यांच्या भावंडाचे नातू. जन्म १९०२ चा, शिक्षण बालरोगाचं.

तेव्हा मेंदूचा एक्स-रे काढणं म्हणजे छळच होता. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि मग फोटो घ्यायचा. त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. काढलेलं पाणी शरीरात लवकर भरून यावं म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन देऊन पाहिलं. हे ॲम्फेटामाइन, म्हणजे उत्तेजकच.

डोकेदुखी काही फारशी थांबली नाही. पण वर्गातल्या शिक्षकांना वेगळंच दिसलं. काही मुलं चक्क अभ्यासाला बसली होती.

इथे दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं. ब्रॅडलींनी ५ ते १४ वर्षांची ३० मुलं घेतली. आठवडाभर औषधाशिवाय पाहिलं, आठवडाभर औषध दिलं, मग बंद करून पुन्हा पाहिलं. १४ मुलांचा अभ्यास पहिल्याच दिवसापासून झपाट्याने सुधारला आणि औषध थांबताच पूर्ववत झाला. मुलांनीच त्याला गणिताची गोळी असं नाव पाडलं. उत्तेजकाने मूल शांत कसं होतं, याचं कोडं ब्रॅडलींनाही होतंच. १९३७ मध्ये त्यांनी हे छापलं, आणि पुढची जवळपास २५ वर्षं फारसं कोणी वळूनही पाहिलं नाही.

गंमत म्हणजे त्याच काळात अमेरिकेतले कॉलेजकुमार परीक्षेच्या रात्री जागायला हेच बेन्झेड्रिन घेत होते. पुढे महायुद्धात ते सैनिकांच्या हातीही गेलं. औषध तेच. फरक होता तो ते कोणाला, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली मिळतं याचा.

फरक वेगाचाही असतो. तोंडाने घेतलेलं मेथिलफेनिडेट मेंदूत हळूहळू, तास-दीड तासात चढतं, त्यामुळे ठरलेल्या डोसमध्ये झिंग येत नाही. तीच गोळी कुटून नाकाने ओढली तर गोष्ट बदलते. म्हणून मोठ्या मुलाच्या गोळ्या पालकांच्याच ताब्यात असाव्यात. मित्राला परीक्षेसाठी दिलेली एक गोळीसुद्धा धोक्याची.

ब्रॅडली १९४८ मध्ये ओरेगॉनला गेले आणि १९७९ मध्ये वारले. एडीएचडी हे नाव १९८७ मध्ये आलं, त्यांनी ते ऐकलंही नाही. नशेच्या प्रश्नाचं उत्तर तर त्याहून उशिरा मिळालं. २०१३ मध्ये १५ अभ्यासांतली अडीच हजारांवर मुलं एकत्र मोजली, तेव्हा लहानपणी घेतलेल्या उत्तेजक औषधाने पुढे व्यसन वाढल्याचं दिसलं नाही, घटल्याचंही नाही. ५७९ मुलांना लहानपणापासून साधारण पंचविशीपर्यंत पाहणाऱ्या अमेरिकेतल्या एका अभ्यासाने २०२३ मध्ये तेच सांगितलं. व्यसनाचा धोका एडीएचडी असलेल्या मुलाला इतरांपेक्षा मुळातच जास्त असतो, आणि गोळी कपाटात ठेवल्याने तो कमी होत नाही.