मुक्तीच्या मोलाचा विचार करणारे संत अन्सेल्म

प्रभू येशूने मानवजातीच्या मुक्तीसाठी आपल्या प्राणांची खंडणी भरली, ही ख्रिस्ती धर्माची मूलभूत श्रद्धा. परंतु ही खंडणी कोणाला दिली? सैतानाला, असे ऑरिजेनसारखे प्राचीन धर्माचार्य मानीत. ही कल्पना साधार खोडून काढणारे तत्त्वचिंतक म्हणजे संत अन्सेल्म होत.

इ. स. १०३३ च्या सुमारास आल्प्सच्या कुशीतील आओस्ता येथे त्यांचा जन्म झाला. १०६० मध्ये नॉर्मंडीतील बेक येथील मठात त्यांनी संन्यस्त जीवन पत्करले. पुढे ते तेथील मठाधिपती झाले. १०९३ मध्ये, इच्छा नसताना, कँटरबरीचे आर्चबिशपपद त्यांच्याकडे आले. राजा दुसरा विल्यम याला द्रव्य हवे होते. अन्सेल्म यांनी देऊ केलेले ५०० पौंड त्याने अपुरे म्हणून नाकारले. तेव्हा ती रक्कम त्यांनी गोरगरिबांना वाटून टाकली.

राजाशी संघर्ष वाढल्याने १०९७ मध्ये त्यांना इंग्लंड सोडावे लागले. इटलीत कापुआजवळच्या एका खेड्यात, १०९८ मध्ये, त्यांनी ‘कुर देउस होमो’ हा ग्रंथ पूर्ण केला. देव मानव का झाला, हा त्याचा विषय. सैतान हा बंडखोर. त्याचे देणे कोणीही लागत नाही. पापामुळे मनुष्य ऋणी झाला तो ईश्वराचा. ते ऋण फेडणे हे मनुष्याचे कर्तव्य. सामर्थ्य मात्र केवळ ईश्वराचे. म्हणूनच देव आणि मानव अशा उभय स्वरूपांतील ख्रिस्ताने ते स्वेच्छेने फेडले, असे त्यांनी प्रतिपादिले.

२१ एप्रिल ११०९ रोजी, पवित्र सप्ताहातील बुधवारी पहाटे त्यांनी देह ठेवला. क्रुसावरील मरण हा सैतानाशी केलेला सौदा नसून स्वेच्छेने केलेले आत्मार्पण आहे, हा त्यांचा विचार गुड फ्रायडेच्या दिवशी भाविकांनी अवश्य आठवावा.