अठ्ठ्याहत्तरीत गवसलेली नायिका

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? हातात जपमाळ, उशाशी औषधांचा डबा आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी. घरच्यांच्या लेखी तर तिचं सगळं करून झालेलं असतं. आता तिने गप्प बसून नामस्मरण करावं, एवढीच अपेक्षा!

मैत्रिणींनो, आज ज्यांच्याविषयी लिहिते आहे, त्या बाईंना साऱ्या जगात ओळख मिळवून देणारी भूमिका मिळाली ती नेमकी ७८व्या वर्षी. आणि भूमिका तरी कुणाची? तर विणकामाच्या सुया चालवत गावाची खबरबात ठेवणाऱ्या एका म्हातारीची! खुनाचा तपास करणारी, पोलीस अधिकाऱ्यांना खाली बघायला लावणारी ती म्हातारी म्हणजे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. आणि छोट्या पडद्यावर तिला जिवंत करणाऱ्या अभिनेत्रीचं नाव होतं जोन हिक्सन.

जोनबाईंचा जन्म ५ ऑगस्ट १९०६चा, इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन शहरालगतच्या किंग्जथॉर्पचा. नॉर्दम्प्टन हे चामड्याच्या बुटांसाठी प्रसिद्ध गाव. वडिलांचा व्यवसायही बूट बनवण्याचाच. त्या काळी इंग्लंडमध्येसुद्धा खात्यापित्या घरातल्या मुलीने नाटकात जाणं ही काही कौतुकाची गोष्ट नव्हती. आपल्याकडे त्याच सुमाराला बालगंधर्व रंगभूमी गाजवत होते आणि बायकांच्या भूमिका पुरुषच करत होते, हे आठवलं म्हणजे काळाचा अंदाज येईल. जोनबाईंनी मात्र लंडनच्या 'राडा' या नामवंत नाट्यशाळेत रीतसर शिक्षण घेतलं आणि १९२७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवलं.

आता इथून पुढे एखादी सुंदर नायिका घडत गेली असं तुम्हाला वाटेल. पण नाही! जोनबाई रूढ अर्थाने नायिकेच्या साच्यातल्या नव्हत्याच. दिग्दर्शकांनी त्यांच्यात पाहिली ती घरकाम करणारी बाई, घरमालकीण, मावशी, शेजारीण, कडक नर्स. १९३४पासून त्या सिनेमात दिसू लागल्या त्या अशाच. दोन-चार प्रसंग, थोडे संवाद, की झाली भूमिका. १९५०च्या 'सेव्हन डेज टू नून' या सिनेमात एक शास्त्रज्ञ अणुबाँबने लंडन उडवून देण्याची धमकी देऊन शहरात लपून बसतो. त्याला खोली भाड्याने देणारी, मांजरं पाळणारी, संशयी घरमालकीण म्हणजे जोनबाई. १९५९च्या 'कॅरी ऑन नर्स' या विनोदी सिनेमात त्या वॉर्डची सिस्टर होत्या. सिनेमा बघून घरी गेलेल्या प्रेक्षकाला त्यांचा चेहरा आठवायचा, पण नाव? ते सांगता आलं असतं की नाही, शंकाच आहे.

घराचं म्हणाल तर १९३२ साली त्यांनी डॉक्टर एरिक बटलर यांच्याशी लग्न केलं. एक मुलगा, एक मुलगी. नवरा डॉक्टर, घरात दोन मुलं आणि बाईंचं काम संध्याकाळी सुरू होऊन रात्री संपणारं. मधे दुसरं महायुद्ध. ही कसरत काय असते ते नोकरी करणाऱ्या बायकांना मी वेगळं सांगायला नको. १९५८पासून त्या एसेक्स परगण्यातल्या विव्हनहो या नदीकाठच्या छोट्या गावात राहायला गेल्या आणि शेवटपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, तिथेच राहिल्या. कामासाठी लंडन होतं, पण घर होतं ते गावात.

१९६७ साली डॉक्टर गेले. जोनबाई तेव्हा साठीच्या आसपास होत्या. मुलं मोठी झालेली. आपल्याकडे अशा वेळी बाईने आवरतं घ्यायचं असतं. पण त्याच वर्षी त्या लंडनच्या रंगमंचावर एका अवघड नाटकात उभ्या होत्या. पीटर निकोल्स यांचं ते नाटक म्हणजे एका अपंग मुलीच्या आई-बापाची कहाणी. त्यात जोनबाई होत्या मुलीची आजी, म्हणजे बापाची आई. हेच नाटक घेऊन पुढच्या वर्षी त्या अमेरिकेत ब्रॉडवेवर गेल्या. पुढे त्यावर सिनेमा निघाला, त्यातही आजी त्याच.

खरं कौतुक झालं ते त्यानंतर दहा वर्षांनी. ॲलन एकबर्न यांच्या 'बेडरूम फार्स' या विनोदी नाटकात त्यांनी डेलिया नावाची म्हातारी बायको रंगवली. लग्नाचा वाढदिवस साजरा करून आल्यावर ही जोडी पलंगावर बसून पावावर मासे घेऊन खाते. बाकीची तरुण जोडपी भांडत, रडत, रुसत असतात आणि ही दोघं आपली शांतपणे खातायत! या भूमिकेसाठी १९७९ साली जोनबाईंना अमेरिकेतला मानाचा टोनी पुरस्कार मिळाला. वय होतं ७२. पुरस्कार होता सहायक अभिनेत्रीचा. पन्नास वर्षं काम केल्यावरही सहायकच! पण मिळालेलं छोटं काम मन लावून करायचं, ही त्यांची रीत काही बदलली नाही.

आता जरा मागे जाऊ या. १९४०च्या दशकात अगाथा ख्रिस्तीच्या 'अपॉइंटमेंट विथ डेथ' या नाटकात जोनबाईंचं एक छोटं काम होतं. ते पाहून ख्रिस्तीबाईंनी त्यांना चिठ्ठी पाठवली होती. त्यांनी एक दिवस मिस मार्पल साकारावी, अशी इच्छा त्या चिठ्ठीत व्यक्त केली होती. तेव्हा जोनबाई जेमतेम चाळिशीच्या! पण जिने मिस मार्पल जन्माला घातली, तिची नजर किती नेमकी होती पाहा.

ख्रिस्तीची ही मानसकन्या पहिल्यांदा अवतरली १९२७मध्ये एका लघुकथेत, आणि १९३०मध्ये कादंबरीत. सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक खेड्यात राहणारी ही अविवाहित म्हातारी. तिच्याकडे बंदूक नाही, हुद्दा नाही, फिंगरप्रिंट घ्यायची पेटी नाही. ती चहा पिते, बागेतलं तण उपटते, लोकरीचं विणते आणि ऐकते. गावातल्या माणसांचे स्वभाव तिला पाठ. नवा गुन्हेगार पाहिला की तिला गावातला कुणीतरी लबाड पोऱ्या आठवतो, आणि माणसं इथूनतिथून सारखीच असल्यामुळे तिचा अंदाज बरोबर येतो.

१९६१ साली मिस मार्पलवर एक सिनेमा निघाला. मुख्य भूमिकेत होत्या मार्गारेट रदरफोर्ड, धिप्पाड आणि धमाल विनोदी. त्यात घरकाम करणाऱ्या मिसेस किडरची छोटी भूमिका कुणी केली असेल? जोन हिक्सन यांनी! म्हणजे नायिका एका बाजूला खून शोधते आहे आणि आपल्या बाई त्याच गोष्टीत स्वयंपाकघर सांभाळतायत. ख्रिस्तीची चिठ्ठी येऊन तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. १९७६मध्ये ख्रिस्तीबाई वारल्या. चिठ्ठी चिठ्ठीच राहिली.

आणि मग बीबीसीने मिस मार्पलच्या कादंबऱ्यांवर मालिका करायचं ठरवलं. निवड झाली जोनबाईंची. २६ डिसेंबर १९८४ रोजी 'द बॉडी इन द लायब्ररी'चा पहिला भाग लागला आणि लोकांना कळलं, मिस मार्पल अशीच असणार! त्यात विनोदाचा भडकपणा नव्हता. साधी टोपी, जाडसर लोकरी कपडे, हातात पर्स, मऊ आवाज. पण डोळे! ते निळे डोळे समोरच्याच्या आरपार बघायचे. बाईंनी हातवारे केले नाहीत, आवाज चढवला नाही. नुसत्या बसून ऐकायच्या. आयुष्यभर दोन-दोन मिनिटांच्या भूमिकांत माणूस उभा करायची सवय असलेल्या बाईंना जास्त काही करायची गरजच नव्हती.

या पहिल्याच गोष्टीत एका तरुण मुलीचं प्रेत सापडतं. पोलीस गाड्यांचे तपशील, वेळा, साक्षी गोळा करतात. मिस मार्पल बघते ती मुलीची नखं आणि तिच्या अंगावरचा जुना झगा. त्यावरून ती काय ओळखते ते मी सांगत नाही, गोष्टीची मजा जाईल. पण विचार करा, नखं आणि कपडे! ज्याला पुरुष बायकी चौकशा म्हणून हसतात, तेच तिचं शस्त्र.

हे केवळ कादंबरीतच घडतं असं नाही बरं का. महिला मंडळाच्या कामात मी ते प्रत्यक्ष पाहिलं आहे. एका सुनेला घरात मारहाण होते, हे सगळ्यात आधी कळलं ते समोरच्या ओट्यावर गहू निवडत बसणाऱ्या आजींना. भर वैशाखात ती पोरगी लांब बाह्यांचं ब्लाउज घालू लागली आणि नळावर सगळ्यांच्या शेवटी येऊ लागली, एवढंच त्यांनी पाहिलं. त्यांनी आम्हाला सांगितलं म्हणून आम्ही तिच्यापर्यंत पोचलो. आजींना घरात मात्र सगळे नसत्या चौकशा करते म्हणून बोलायचे.

जोनबाईंच्या मालिकेतली मला सर्वांत भिडणारी गोष्ट म्हणजे 'अ पॉकेटफुल ऑफ राय'. एका श्रीमंत घरात खून होतात. त्यात ग्लॅडिस नावाची मोलकरीणही मारली जाते आणि मारणारा तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून जातो. घरच्यांना चिंता मालमत्तेची. मोलकरणीसाठी रडणारं कुणी नाही. अशा वेळी ट्रेनने एकटी येऊन पोचते ती मिस मार्पल, कारण या अनाथ पोरीला तिनेच घरकाम शिकवलेलं असतं. तिला त्या घरातल्या श्रीमंतांसाठी नाही, ग्लॅडिससाठी न्याय हवा असतो. मेलेल्या मुलीची टवाळी केली याचा तिला संताप आलेला असतो. म्हातारीची करुणा आणि तिचा राग जोनबाईंनी एकाच चेहऱ्यावर दाखवला.

१९८४ ते १९९२ या आठ वर्षांत मिस मार्पलच्या सर्वच्या सर्व बारा कादंबऱ्या त्यांनी केल्या. बाराच्या बारा करणाऱ्या त्या पहिल्याच. १९८७मध्ये ओबीई हा सन्मान मिळाला. १९८७ आणि १९८८ अशी दोन वर्षं 'बाफ्टा' पुरस्कारासाठी उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून नामांकन झालं, तेही मुख्य अभिनेत्रींच्या रांगेत. आणि १९८७च्याच डिसेंबरमध्ये 'फोर फिफ्टी फ्रॉम पॅडिंग्टन' प्रसारित झालं. हीच ती गोष्ट, जिच्यावरच्या १९६१च्या सिनेमात त्या कामवाली बाई होत्या! स्वयंपाकघरापासून मधल्या खुर्चीपर्यंत यायला सव्वीस वर्षं लागली.

'अ कॅरिबियन मिस्ट्री'साठी तर त्या ऐंशी ओलांडल्यावर बार्बाडोस बेटावर चित्रीकरणाला गेल्या. १९९२मध्ये 'द मिरर क्रॅक्ड' झालं तेव्हा वय होतं ८६. तिथे त्यांनी स्वतःहून मालिका थांबवली. लोकांना आणखी हवं असताना थांबणं, हेही सगळ्यांना जमत नाही.

योगायोग बघा, १९८४च्याच सप्टेंबरमध्ये अमेरिकेत अँजेला लॅन्सबरी यांची 'मर्डर, शी रोट' सुरू झाली. तीही प्रौढ विधवा बाई गुन्हे शोधते त्याची. पुढे २००३मध्ये ऋतुपर्ण घोष यांनी 'द मिरर क्रॅक्ड'च्याच कथेवर 'शुभ महुरत' हा बंगाली सिनेमा काढला. त्यात मिस मार्पल झाली कोलकात्यातली घरबसली पिशी, म्हणजे आत्या. ती साकारली राखी यांनी, आणि त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरात बसून सगळं जाणणारी आत्या आपल्याही मातीत किती सहज रुजली!

१७ ऑक्टोबर १९९८ रोजी कोल्चेस्टरच्या रुग्णालयात जोनबाई गेल्या. वय ९२. विव्हनहोतल्या त्यांच्या घरावर आज नावाची पाटी आहे. पण डेव्हन परगण्यात सिडबरी इथे त्यांना जिथे पुरलं, तिथे त्या जोन बोगल बटलर आहेत, आपल्या लग्नाच्या नावाने. जगाची मिस मार्पल तिथे नाही, डॉक्टर बटलर यांची बायको आहे. बाईंना दोन्ही नावं पेलता आली, असं मला वाटतं.

मैत्रिणींनो, पंचेचाळिशी आली की आपल्यातल्या कितीतरी जणी हातातलं पेटीवादन, लिखाण, शिवण गुंडाळून ठेवतात. आता या वयात काय, हे वाक्य दुसऱ्यांच्या आधी आपणच म्हणतो. जोनबाईंनी तसं म्हटलं असतं, तर ती चिठ्ठी वाया गेली असती. म्हणून सांगते, माळ्यावर टाकलेली पेटी खाली काढा. आणि समोरच्या ओट्यावरच्या आजी काही सांगू लागल्या, तर हातातलं काम बाजूला ठेवून दोन मिनिटं ऐका. त्यांनी जे पाहिलं आहे, ते कदाचित कुणीच पाहिलेलं नसेल.