उपेंद्रकिशोर राय

मुलांच्या हाती सुबक चित्रांचे पुस्तक पडावे, ही गोष्ट आज अगदी सहज वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात ती सहज नव्हती. बंगालमध्ये ती साध्य व्हावी म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते उपेंद्रकिशोर राय हे लेखक, चित्रकार आणि मुद्रणतज्ज्ञ अशा तिन्ही नात्यांनी थोर पुरुष होत.

उपेंद्रकिशोरांचा जन्म १८६३ साली मैमनसिंग जिल्ह्यातील मसुआ या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. त्यांचे मूळचे नाव कामदारंजन. ते लहान असतानाच हरिकिशोर रायचौधुरी या जमीनदार आप्तांनी त्यांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव उपेंद्रकिशोर ठेवले. शाळेत असल्यापासूनच त्यांना संगीत आणि चित्रकला यांचा विलक्षण नाद होता. पुढे ते कलकत्त्यास गेले आणि १८८४ साली पदवीधर झाले. चित्रकला मात्र त्यांनी बहुतांशी स्वतःच्याच अभ्यासाने आत्मसात केली.

मुलांना रामायणाची कथा सोप्या बंगालीत सांगावी, या हेतूने त्यांनी ‘छेलेदेर रामायण’ हे पुस्तक लिहिले आणि त्यातील चित्रेही स्वतःच काढली. त्या काळी चित्र छापावयाचे म्हणजे कारागीर ते लाकडी ठोकळ्यावर कोरून काढीत आणि त्या ठशावरून ते कागदावर उमटे. उपेंद्रकिशोरांच्या हातच्या नाजूक रेषा या कोरीवकामात पार बिघडून गेल्या. पुस्तक छापून आले, तेव्हा आपलीच चित्रे पाहून ते अतिशय खिन्न झाले.

एखादा नवशिका चित्रकार अशा प्रसंगी कारागिरांना दोष देऊन स्वस्थ बसला असता, अथवा चित्रे काढणेच सोडून देता. उपेंद्रकिशोरांनी तसे केले नाही. छपाईची विद्याच मुळापासून शिकावयाची, असा त्यांनी निश्चय केला. युरोपात तेव्हा हाफटोन नावाची नवी पद्धत रूढ होऊ लागली होती. तीत बारीक रेघांच्या काचेच्या जाळीतून चित्राचे छायाचित्र घेतात. त्यामुळे चित्र असंख्य लहानमोठ्या ठिपक्यांत विभागले जाते. मोठ्या ठिपक्यांनी गडद छाया उमटते, बारीक ठिपक्यांनी फिकी. मग तेच ठिपके आम्लाच्या साहाय्याने धातूच्या पत्र्यावर उठवून ठसा तयार करतात.

उपेंद्रकिशोरांनी स्वतःचे द्रव्य खर्चून इंग्लंडमधून यंत्रे, रसायने आणि ग्रंथ मागविले व १८९५ साली कलकत्त्यात आपला कारखाना सुरू केला. शिकविणारा कोणी जवळ नव्हता. ग्रंथ आणि प्रयोग हेच त्यांचे गुरू. काचेची जाळी कॅमेऱ्यात नेमकी किती अंतरावर ठेवावी, हा प्रश्न त्यांनी गणिताच्या आधारे सोडविला. त्यांचे शोधनिबंध लंडनच्या ‘पेनरोज’ या मुद्रणविषयक वार्षिकात प्रसिद्ध झाले. जे तंत्र परदेशातून आणविले, त्यात त्यांनी अशा रीतीने स्वतःची भर घातली. ‘प्रवासी’सारख्या मासिकांतील सुंदर चित्रांचे ठसेही त्यांच्याच कारखान्यात तयार होऊ लागले.

एवढी कीर्ती मिळाली, तरी त्यांना बालवाचकांचा विसर पडला नाही. पूर्व बंगालमध्ये घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी एकत्र करून १९१० साली त्यांनी ‘टुनटुनीर बोई’ हे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. १९१३ साली त्यांनी मुलांसाठी ‘संदेश’ हे मासिक काढले. त्यासाठी ते स्वतः लिहीत, चित्रे काढीत आणि छपाईवरही देखरेख ठेवीत. १९१५ साली, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे ‘संदेश’ची धुरा त्यांचे पुत्र सुकुमार राय यांनी वाहिली. मध्यंतरी बंद पडलेले हे मासिक १९६१ साली पुन्हा सुरू झाले, ते त्यांचे नातू व विख्यात चित्रपट-दिग्दर्शक सत्यजित राय यांच्या पुढाकाराने.

पहिल्याच पुस्तकातील चित्रे बिघडली, हे उपेंद्रकिशोरांच्या दृष्टीने मोठे दुःख होते. परंतु त्या दुःखाचे त्यांनी विद्येत रूपांतर केले, आणि त्या विद्येचे फळ असंख्य बालकांच्या हाती दिले.