पाश्चर यांचे चंबू आणि विमानातली हवा

अमेरिकेने १२ जून २०२२ पासून विमानाने येणाऱ्या प्रवाशांसाठी कोविड चाचणीची अट काढून टाकली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये विमानातली मास्कसक्ती संपली आणि त्याच महिन्यात ‘एअर सुविधा’चा अर्जही बंद झाला. चीनमध्ये लाट उसळली तेव्हा काही देशांपुरत्या अटी परत आल्या, पुढे त्याही गेल्या. तेव्हापासून मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: शेजारच्या खुर्चीवरचा माणूस खोकत असला तर काय करायचे? पूर्वी निदान प्रत्येकाच्या खिशात निगेटिव्ह अहवाल असायचा. आता दारे बंद झाल्यावर तासन् तास सगळ्यांनी तीच हवा घ्यायची.

ही काळजी अनाठायी नाही. मात्र ‘तीच हवा’ या दोन शब्दांत बरेच काही एकत्र बांधले गेले आहे, आणि ते सोडवून बघायला लुई पाश्चर यांच्या आयुष्याचा एक भाग उपयोगी पडतो. पाश्चर म्हटले की आपल्याला दूध आणि पिसाळलेला कुत्रा आठवतो. त्याआधीची काही वर्षे हा माणूस काचेचे चंबू घेऊन ठिकठिकाणची हवा पकडत फिरत होता, हे फारसे सांगितले जात नाही.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधल्या दोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यातून परतलेले, कातडी कमावण्याचा धंदा करणारे. बालपण आर्ब्वा या गावात गेले. पंधराव्या वर्षी शिकायला पॅरिसला पाठवले, तर घराच्या आठवणीने पोर कासावीस झाले आणि वडिलांना येऊन त्याला परत न्यावे लागले. पुढे ते पुन्हा पॅरिसला गेले, शिकले, रसायनशास्त्रज्ञ झाले. डॉक्टर मात्र ते कधीच नव्हते, आणि वैद्यकातल्या मंडळींनी ही गोष्ट त्यांना विसरू दिली नाही.

लील शहरात असताना मद्यार्क बिघडण्याच्या तक्रारीवरून ते आंबण्याच्या क्रियेकडे वळले. आंबणे हे जिवंत सूक्ष्मजीवांचे काम आहे, असे त्यांचे मत बनले. मग हे जीव येतात कुठून? रूआँचे निसर्गशास्त्रज्ञ पूशे म्हणत होते की, ते द्रवातच आपोआप निर्माण होतात. त्यांच्या बाजूचा युक्तिवाद ऐकायला जोरदार होता. हवेच्या प्रत्येक थेंबाएवढ्या भागात जर सगळ्या प्रकारचे जंतू असतील, तर हवा इतकी दाट व्हायला हवी की आपल्याला हातभर लांबचेही दिसू नये!

या वादात उतरण्याच्या सुमारास, सप्टेंबर १८५९ मध्ये पाश्चर यांची थोरली मुलगी झान आर्ब्वाला आजोबांच्या सहवासात असताना विषमज्वराने गेली. ती नऊ वर्षांची होती. विषमज्वर म्हणजे टायफॉइड. तो दूषित पाण्या-अन्नातून होतो हे तेव्हा कुणालाच पक्के ठाऊक नव्हते.

पुढच्याच वर्षी, १८६० च्या सप्टेंबरात, ते त्याच आर्ब्वाच्या परिसरात चंबू घेऊन उभे होते. चंबूत यीस्टचा गाळलेला काढा भरायचा, चंबूची मान तापवून निमुळती करायची, द्रव उकळायचा आणि वाफेने आतली हवा हुसकली गेली की ज्योतीवर टोक वितळवून बंद करायचे. इच्छित ठिकाणी गेल्यावर चंबू डोक्याच्या वर धरायचा, म्हणजे आपल्या कपड्यांवरची धूळ आत जाणार नाही. ज्योतीत तापवलेल्या चिमट्याने टोक मोडायचे. सूं करून हवा आत शिरते. लगेच टोक पुन्हा बंद. मग काही दिवस वाट बघायची. द्रव गढुळला तर त्या हवेत जंतू होते, नितळ राहिला तर नव्हते.

पॅरिसच्या वेधशाळेच्या आवारात उघडलेले अकराच्या अकरा चंबू गढुळले. त्याच वेधशाळेच्या तळघरात, जिथे हवा हलत नाही आणि धूळ खाली बसलेली असते, तिथे उघडलेल्या दहांपैकी एकच बिघडला. आर्ब्वाजवळच्या मोकळ्या रानात २० पैकी आठ गढुळले. जुरा पर्वतातल्या साधारण ८५० मीटर उंचीच्या माथ्यावर २० पैकी पाच. त्याहून उंचावरची हवा हवी म्हणून आधी बलूनमधून जाण्याचाही विचार त्यांच्या मनात होता. शेवटी ते आल्प्समधल्या शामोनीला गेले आणि चंबूंची पेटी खेचरावर लादून मोंतांव्हेरच्या हिमनदीपर्यंत चढले.

तिथे घोटाळा झाला. बर्फावर ऊन इतके लखलखत होते की दिव्याची ज्योतच दिसेना, त्यात वारा. उघडलेले १३ चंबू बंदच करता येईनात. ते तसेच घेऊन पाश्चर खाली सरायीत आले आणि रात्र तिथल्या लहानशा खोलीत काढली. दुसऱ्या दिवशी दिवा दुरुस्त करून ते पुन्हा वर गेले, आणखी २० चंबू उघडले आणि बंद केले. या विसांतला फक्त एक बिघडला. सरायीच्या खोलीत रात्रभर उघडे राहिलेले मात्र बहुतेक सगळे गढुळले.

मला या सगळ्या प्रयोगमालेत सर्वांत बोलका वाटतो तो हा फसलेला दिवस. तोच डोंगर, तोच माणूस, तेच चंबू. फरक पडला तो चार भिंतींच्या, माणसांच्या वावराच्या खोलीने. हवा सगळीकडे सारखी दूषित नसते, ही गोष्ट पूशेंच्या युक्तिवादाला उत्तर होती. ७ एप्रिल १८६४ रोजी सोरबॉनमधल्या गाजलेल्या व्याख्यानात पाश्चर यांनी सभागृह अंधारे करून प्रकाशाचा एक झोत सोडला आणि श्रोत्यांना ते बसले होते त्याच हवेतली धूळ दाखवली. दुपारी खिडकीतून तिरीप येते तेव्हा आपल्याला घरात दिसते तीच.

पूशे आणि त्यांचे दोन साथीदार पिरेनीज पर्वतात, पाश्चर यांच्याहूनही उंच जाऊन आले होते आणि त्यांचे आठही चंबू बिघडले, हे इथे सांगायला हवे. त्यांनी गवताचा काढा वापरला होता. गवतावरच्या काही जिवाणूंची बीजे उकळूनही मरत नाहीत, हे कळायला पुढे दहा-बारा वर्षे गेली. वादात पाश्चर जिंकले. त्यांचा निष्कर्ष बरोबर होता, पण पूशे खोटे बोलत नव्हते.

हवेत जंतू सापडतात म्हटल्यावर प्रत्येक आजार हवेतूनच येत असणार, असे वाटू लागणे साहजिक होते. १८६५ मध्ये पॅरिसमध्ये कॉलराची साथ आली तेव्हा पाश्चर, क्लोद बर्नार आणि सेंत-क्लेर दव्हिल हे तिघे लारिब्वाझियेर रुग्णालयात गेले. कॉलराच्या कक्षातली हवा बाहेर नेणाऱ्या झरोक्याला नळी जोडून, ती थंड करून त्यांनी रोगाचे बीज शोधले. काहीच हाती लागले नाही. लागणार कसे? कॉलरा पाण्यातून पसरत होता. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी त्याकडे अकरा वर्षांपूर्वीच बोट दाखवले होते. त्याच वर्षी पाश्चर यांची दोन वर्षांची मुलगी कामीय गेली आणि १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील, पुन्हा विषमज्वराने. पाच मुलांतल्या तीन मुली त्यांनी अशा गमावल्या. १८६८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची डावी बाजू नंतर कधी पूर्ण सुधारली नाही.

या माणसाला संसर्गाची धास्ती वाटली तर नवल नाही. ते हस्तांदोलन टाळत. जेवताना पाव निरखून बघत, पेला पुसून घेत. लोक याला विक्षिप्तपणा म्हणत. पण धास्तीने त्यांची दृष्टी एका जागी खिळली नाही. १८७९ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत बाळंतज्वरावर चर्चा चालू होती. वक्त्याचे बोलणे मध्येच तोडून पाश्चर फळ्याकडे गेले आणि साखळीसारखा दिसणारा जंतू काढून दाखवला. तो एका बाळंतिणीकडून दुसरीकडे डॉक्टर आणि सुइणीच नेतात, हे त्यांचे म्हणणे होते. हवेतले जंतू शोधून नाव कमावलेला माणूस आता हातांकडे बोट दाखवत होता. १८८३ मध्ये इजिप्तमध्ये कॉलरा उसळला तेव्हा त्यांनी आपले सहकारी तिकडे पाठवले. त्यांपैकी लुई तुइये हा सत्तावीस वर्षांचा तरुण अलेक्झांड्रियात कॉलरानेच दगावला. १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या जोझेफ माइस्टरला दिलेली पिसाळरोगाची लस आणि त्यानंतरची कीर्ती सर्वांना माहीत आहे. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ पाश्चर यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर लंबक उलट्या टोकाला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी सार्वजनिक आरोग्यातली जाणती माणसे सांगू लागली की, रोग हवेतून जवळजवळ पसरतच नाहीत, स्पर्शातून आणि जवळच्या थेंबांतून पसरतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत विल्यम वेल्स यांनी दाखवले की, खोकल्या-बोलण्यातले बारीक थेंब हवेतच सुकतात आणि त्यांचा उरलेला कण बराच वेळ तरंगत राहतो. त्यांचे फारसे कुणी ऐकले नाही. म्हणूनच २०२० मध्ये आपण भाजी धूत बसलो आणि विमानात खुर्चीसमोरचा ट्रे सॅनिटायझरने पुसत राहिलो. विषाणू हवेतून जातो हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टपणे मान्य करायला बराच वेळ लागला.

आता विमानात येऊ. पाश्चर यांच्या चंबूंनी पकडले ते जिवाणू आणि बुरशी. विषाणू त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारच नव्हते. तरीही ‘कुठली हवा’ हा त्यांचा प्रश्न इथे तसाच लागू पडतो. विमान उंचावर उडत असताना केबिनमध्ये येणारी साधारण निम्मी हवा बाहेरची असते आणि उरलेली निम्मी हेपा गाळण्यांतून गाळून परत आलेली. या गाळण्या ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात. हवा डोक्यावरून येते आणि पायांजवळून बाहेर जाते, आणि तासाला वीसेक वेळा तरी पूर्ण बदलते. आपली दिवाणखान्याची किंवा कचेरीची बंद एसी खोली याच्या जवळपासही येत नाही. म्हणजे विमानभर ‘तीच हवा’ फिरत असते, हे खरे नाही.

पण शेजाऱ्याचा श्वास गाळणीपर्यंत पोहोचण्याआधी आपल्यापर्यंत पोहोचू शकतो. मार्च २०२० च्या सुरुवातीला लंडनहून हनोईला गेलेल्या सुमारे दहा तासांच्या विमानात एक आजारी प्रवासी होता. नंतर आणखी १५ जण बाधित निघाले आणि त्यातले १२ त्याच बिझनेस क्लासमध्ये बसलेले होते. तेव्हा मास्कची सक्ती नव्हती.

चाचणीचा अहवाल असता तर? काही बाधित घरीच थांबले असते, हा फायदा खरा होता. पण ७२ तासांपूर्वीचा अहवाल त्या क्षणापुरता असतो. परवा नमुना दिला आणि काल लग्नात लागण झाली, तर कागद निगेटिव्हच राहतो. शिवाय तो कागद फक्त दारात तपासला जात होता, आतल्या हवेशी त्याचा संबंध नव्हता.

तेव्हा साठीपुढच्या, मधुमेह किंवा दम्याच्या प्रवाशांनी धास्तीची वाटणी थोडी बदलावी. मोंतांव्हेरच्या सरायीची खोली प्रवासात वेगळ्याच ठिकाणी भेटते: इमिग्रेशनच्या रांगेत, खचाखच भरलेल्या बसमध्ये, आणि विमान जमिनीवर उभे असताना, कारण त्या वेळी हवा खेळती ठेवणारी यंत्रणा पूर्ण जोरात चालू असेलच असे नाही. नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्क तिथे आधी हवा. उड्डाणानंतर डोक्यावरचा हवेचा झोत बंद करून न टाकता चालू ठेवावा. शेजारी खोकत असेल तर मास्क काढू नये आणि रिकामी जागा असल्यास कर्मचाऱ्यांना बिनधास्त विचारावे. जेवताना मास्क काढावाच लागतो. तेव्हा शेजाऱ्याचे जेवण आटोपू द्यावे आणि मग आपले सुरू करावे. लशीचा डोस राहिला असेल, तर निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावा. आणि स्वतःलाच ताप असेल, तर कुणी विचारणारे नसले तरी तिकीट पुढे ढकलावे.